दोड्डय्याचा तिसरा बार

दोड्डय्या ऐरीच्या दुकानाबद्दल मला कुणी विचारलं, की मी आधी चार शिव्या देतो आणि मग पत्ता सांगतो. गोणिकोप्पलच्या बाजारात मिरीच्या वखारीला लागून एक बोळ आहे, त्यात शेवटचं दार. पाटी नाही. एकदा मी पाटीचं विचारलं तर म्हणाला, "ज्याची बंदूक बिघडते त्याला दार सापडतं. ज्याची बिघडलेली नाही, तो इथं येऊन माझं डोकंच खाणार."

आत लांबट अंधारी खोली, टोकाला एकच खिडकी आणि तिच्यापुढे त्याचं बाक. डाव्या भिंतीला बंदुकी ओळीनं उभ्या, प्रत्येकीच्या चापाला चिंधी बांधलेली. चिंधीवर काही लिहिलेलं नसे. कुठली कुणाची हे त्याच्या डोक्यात, आणि तेही माणसाच्या नावानं नाही, घराच्या नावानं. "ओढ्याकाठच्या घराची आज खोकत नाही," असं तो आजाऱ्याबद्दल बोलावं तसं बोलायचा. सत्तरीचा माणूस, वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा. पन्नास वर्षं बार काढून काढून डावा कान गेलेला. आपण डाव्या बाजूनं तक्रार करत राहायचं आणि याला काही पत्ता नाही. मला तर वाटतं गिऱ्हाइकाला तो मुद्दाम त्याच बाजूला बसवायचा.

माझं त्याच्याकडे जाणं सुरू झालं ते पुत्तरीनंतर, आमच्या नव्या भाताच्या सणानंतर. शेतातली पहिली ओंबी कापताना बार काढायचा मान आमच्या घराचा. आजोबांची दुनळी घेऊन मी बांधावर उभा राहिलो, डावा चाप ओढला, आणि नुसतं टक् झालं. सगळे बघतायत. मी घाईनं उजवा ओढला, तो वाजला, लोकांनी जयघोष केला, वेळ निभावली. पण अप्पा खुर्ची टाकून मागं बसले होते. त्र्याऐंशी वर्षांचे माझे वडील, पूवय्या. डोळ्यांनी अधू झाले होते, पण कान शाबूत.

जेवताना म्हणाले, "डावी वाजली नाही ना रे, मोण्णप्पा?"

"ओल लागली असेल."

"मग मी गेल्यावर काय करशील?"

"अप्पा, जेवताना कसलं बोलता?"

"मग काय मेल्यावर बोलू?" त्यांनी ओट्टीचा, तांदळाच्या भाकरीचा, तुकडा मोडला. "मी जन्मलो तेव्हा ह्याच बंदुकीतून एक बार निघाला. माझे वडील गेले तेव्हा मी हिच्यातूनच दोन काढले. उद्या तू एक काढलास आणि दुसरा फुसका निघाला, तर खोऱ्यातले लोक काय समजतील? पूवय्याच्या घरी मुलगा झाला म्हणतील. मी इथं पांढऱ्या कपड्यात आडवा, आणि बाया बाळंतिणीला बघायला दारात!"

"शेजारून दुसरी आणीन की."

"म्हणजे मला उसन्या बंदुकीनं पाठवणार?" हसत म्हणाले, पण तो तुकडा त्यांनी खाल्ला नाही. माझी बायको बोजम्मा माझ्याकडे अशी बघत होती, की दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुनळी जीपमध्ये टाकून निघालोच.

दोड्डय्यानं बंदूक हातात घेतल्यावर माझ्याकडे बघणंच बंद केलं. नळ्या सुट्या केल्या, एका बोटावर टांगल्या, आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या सांध्यानं ठोकून उजवा कान जवळ नेला. नाद बराच वेळ राहिला. तो संपेपर्यंत दोड्डय्यानं श्वास घेतला नाही, आणि का कोण जाणे, मीही घेतला नाही.

"गळा स्वच्छ आहे," तो म्हणाला. मग नळीतून खिडकीकडे बघितलं, घोडे मागं ओढून सोडले. "डाव्याची स्प्रिंग थकली."

"नवी मिळेल?"

"मिळत नाही. करावी लागते."

"कधी होईल?"

"बुधवारी."

कुठल्या बुधवारी, हे मी विचारलं नाही. नवख्या गिऱ्हाइकाची चूक.

जाता जाता मी म्हटलं, "अण्णा, दस्ताही जरा घासून पॉलिश करा. पार कळकट झालाय."

त्यानं दस्ता माझ्यापुढे धरला. वरच्या कडेला, गाल टेकतो तिथं, लाकूड बशीसारखं खोल झिजलेलं. "हे काय आहे?"

"झिजलंय."

"हा तुझ्या बापाचा गाल आहे. साठ वर्षं घासून त्यानं केलाय. मी अर्ध्या तासात पुसून टाकू?"

मला त्या क्षणी तो माणूस आवडला. पण मग त्यानं दस्त्यावरचा, आजोबांचं नाव कोरलेला चांदीचा छोटा पत्रा खाली गंज बघायचा म्हणून उचकटला, कागदात गुंडाळून बाकावर ठेवला, आणि तो पत्रा मला आजतागायत परत दिसलेला नाही. "दुकानातच आहे," असं तो दर वेळी सांगायचा. त्या दुकानात काय, हत्तीही हरवला असता.

मग बुधवार सुरू झाले. दर बुधवारी मी जायचो, आणि दोड्डय्या काहीतरी दुसरंच करत असायचा. कधी कुणाचा चाप, कधी सणासाठी कुणाच्या कंबरेची पीचेकत्ती. हा कट्यारीचा धंदा त्याच्या बापजाद्यांचा, बंदुकीकडे तोच पहिला वळला. "स्प्रिंग?" मी विचारायचो. "बुधवारी." "अण्णा, आज बुधवारच आहे!" "मग पुढच्या." घरी आलो की अप्पा पडवीतून विचारायचे, "आली?" आणि मी नाही म्हटलं, की "चांगला कारागीर वेळ घेतो" म्हणून उलट मलाच समजवायचे. बोजम्माचं मत वेगळं होतं. तिच्या मते दोड्डय्यानं आमची बंदूक विकून टाकली होती आणि मी बावळट होतो.

अशाच एका बुधवारी मी त्याला बंदुकीची परीक्षा घेताना पाहिलं. दुकानामागं मातीचा उंच बांध आहे, त्यात तो बार काढतो. कुणाची तरी जुनी एकनळी होती. लागोपाठ तीन बार, मधे काडतूस भरायला लागेल तेवढाच वेळ. बोळातल्या न्हाव्यानं वस्तरासुद्धा थांबवला नाही.

"तीनच का?" मी विचारलं.

"एक काढला तर लोक गोड खायला येतील. दोन काढले तर रडायला. तीनला कुणी येत नाही." त्यानं नळीचा वास घेतला. "माझ्याकडे बंदूक आणायची तर बरोबर तीन काडतुसं आणायची. घरी बार काढून बघायचा तरी तीन. दोनवर थांबायचं नाही. समजलं?"

"समजलं." एवढं साधं न समजायला काय झालं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी कळली. मी सहज विचारलं, "तुमची स्वतःची कुठली?" तो म्हणाला, "माझी नाही." हजारो बंदुकी दुरुस्त केलेला माणूस, भिंतीवर दुरुस्तीचा परवाना काचेत लावलेला, आणि घरात एकही नळी नाही. आमच्या घराण्यांत त्या वंशपरंपरेनं आल्या, त्याच्या घरात हातोडा आणि भाता आला. बायको जाऊन बारा वर्षं झाली होती, मुलगी मंगळुरूला नर्स. "तिच्या आईच्या वेळी?" मी अर्धवट विचारलं. "कुणी बार काढला नाही. गिऱ्हाइकांच्या वीस बंदुकी भिंतीला होत्या, पण दुसऱ्याच्या वस्तूला आपल्या कामाला हात लावायचा नाही," एवढं बोलून तो कानस चालवायला लागला. मी डाव्या बाजूला होतो, पुढचं काही बोललो असतो तरी ऐकू गेलं नसतं.

ऐन पावसाळ्याचा कक्कड महिना लागला. पाऊस असा, की कॉफीच्या झाडांखाली जळवा उभ्या राहून वाट बघायच्या. अप्पा आता उठत नव्हते. म्हैसूरच्या डॉक्टरांनी गोड शब्दांत घरी न्या म्हणून सांगितलं होतं. सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, "आली?" मग एक दिवस त्यांनी विचारलंच नाही. नुसतं माझ्या हातांकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. माझं डोकंच फिरलं. मंगळवार होता. मुद्दाम मंगळवारीच गेलो.

"बंदूक द्या," दारातूनच ओरडलो. "झाली असली नसली तरी द्या."

"झाली," दोड्डय्या म्हणाला. "काल रात्री बसवली. पाऊस उघडला की चार वाजता परीक्षा घेतो. बस."

"आठ महिने बसलोय! तिकडे माझा बाप चाललाय आणि तुम्ही इथं बुधवार मोजताय! असलं कसलं हे दुकान, कुणी बंदूक आणली तर ती नातवाच्या हाती मिळेल! आणि तो पत्रा, तो तर गिळलातच!"

 त्यानं बाकाखालून तंबाखूचा पत्र्याचा डबा काढून माझ्यापुढे उपडा केला. तुटलेल्या स्प्रिंगा होत्या. "ह्या अकरा. काही पाणी देताना गेल्या, काही दोनशेव्या ओढीला. मी प्रत्येक तीनशे वेळा ओढून बघतो. बारावी आत आहे. तुझ्या बापाच्या वेळेला ती टक् करून चालणार नाही, म्हणून."

आज मला वाटतं, तिथं मी खाली बसायला हवं होतं. पण राग चढला की माझे कान त्याच्या डाव्या कानासारखे होतात. आमच्या घरची जुनी काडतुसं ओलीनं फुगली होती, म्हणून वाटेत विकत घेतलेली तीन नवी मी बाकावर टाकली होती. ती उचलली, बंदूक पोत्यात गुंडाळली, निघालो.

"तीन!" तो मागून ओरडला. "मोण्णप्पा, तीन काढ!"

घरी पोचलो तेव्हा पाऊस जरा थांबला होता. अप्पांच्या खिडकीपुढच्या अंगणात उभा राहिलो, म्हटलं त्यांना ऐकू जावं. दोन काडतुसं भरली. उजवी वाजली. डाव्या चापावर बोट ठेवलं. ओढला. असा खणखणीत वाजला, की छपरावरची कबुतरं उडाली. खिडकीतून अप्पांचा आवाज आला, "वाजली रे!" आठ महिन्यांत त्यांचा तसा आवाज ऐकला नव्हता. मी हसत हसत तिसऱ्यासाठी खिशात हात घातला.

खिसा रिकामा. दुसरा खिसा बघितला, जीप बघितली, पोतं झटकलं. रागाच्या भरात दोनच उचलली होती मी.

 भाताच्या खाचरांत लावणी चालू होती, तिथल्या बायका सरळ उभ्या राहिलेल्या मला दिसल्या. पलीकडच्या टेकडीवरून कुणीतरी हाक दिली, तिला दुसऱ्या घरातून हाक आली. आणि मग सगळीकडून माणसं चालू लागली. फोन करावा तर वादळानं टॉवर तीन दिवसांपासून मेलेला. मी बांधावर जाऊन दोन्ही हात हलवून "नाही, नाही!" ओरडत होतो. लांबून बघणाऱ्याला बाप गेलेला मुलगा दुसरं काय करताना दिसणार?

बोजम्मा बाहेर आली, एकदा माझ्याकडे, एकदा खाचरांकडे बघितलं. "माणसं जमवलीस," ती म्हणाली, "आता चहा-कॉफी कोण करणार?" आणि आत जाऊन तिनं सगळ्यात मोठं पातेलं चुलीवर चढवलं.

सगळ्यांत आधी पोचला तो पेम्मय्या. ओढ्यापलीकडचा, अप्पांच्याच वयाचा. अकरा वर्षांपूर्वी कैलपोळ्याला, हत्यारं पुजायच्या सणाला, नेमबाजीत झाडावरचा नारळ कुणाच्या छर्‍यानं पडला यावरून दोघांचं भांडण झालं, तेव्हापासून एकमेकांच्या अंगणात पाऊल नव्हतं. म्हातारा अनवाणी, चिखलानं गुडघ्यापर्यंत भरलेला, पिंडऱ्यांना जळवा लटकतायत, आणि ढसाढसा रडत येतोय. मी आडवा गेलो, "मामा, ऐका," म्हटलं, तर मलाच मिठी मारून "नारळ त्याचाच होता रे," म्हणून हुंदके द्यायला लागला. तसाच आत गेला. खाटेवर अप्पा उशीला टेकून बसलेले.

"काय म्हणालास, पेमू?" अप्पा म्हणाले. "नारळ कुणाचा?"

पेम्मय्यानं डोळे पुसून नीट बघितलं. "मेल्या! मेला नाहीस?"

"अजून वेळ आहे. नारळाचं परत एकदा बोल."

"तू जिवंत असशील तर नारळ माझाच," पेम्मय्या म्हणाला, आणि खाटेच्या कडेवर बसून अप्पांचा हात धरून पुन्हा रडायला लागला.

तासाभरात चाळीसएक माणसं अंगणात. कुणी पांढऱ्या कपड्यांत, कुणी लावणीच्या चिखलात. प्रत्येकाला सांगायचं की अप्पा आहेत, आणि प्रत्येक जण आत जाऊन बघून यायचा. काही जण माझ्यावर भडकले, ते बरोबरच होतं. एक म्हातारी तर म्हणाली, "दोन बार वाजले ते वाजले, ते परत कसे घेणार?"  झालेल्या गोष्टीचा अपशकुन सगळ्यांच्या तोंडावर बसला होता, माझ्याही.

तेवढ्यात फाटकातून दोड्डय्या आला. छत्री उलटी झालेली, सगळा भिजलेला. बाकावर तेलाच्या बाटलीमागं घरंगळलेलं तिसरं काडतूस त्याला दिसलं होतं, तसा दुकानाला कुलूप लावून मिळेल त्या बसनं तो निघाला होता. फाट्यापासून दोन मैल चालत. वाटेत लोक आमच्या घराकडे वळलेले बघूनच काय झालं ते त्याला समजलं होतं.  त्यानं बंदूक घेतली, कोरडी पुसली, शर्टाच्या आतून, अगदी अंगाशी धरलेलं काडतूस काढलं आणि भरलं. अंगणाच्या मधोमध उभा राहून डाव्या नळीचा बार काढला.

तिसरा बार खोऱ्यात फिरून आला आणि अंगणातली माणसं मोकळी झाली. कुणीतरी म्हणालं, "दोड्डय्याची परीक्षा होय! आधी सांगायचं ना." लांब खाचरांतल्या बायका पुन्हा खाली वाकलेल्या दिसल्या. त्या म्हातारीनंसुद्धा कॉफी मागितली. मग सगळे ओट्टी आणि बांबूच्या कोंबांची भाजी खाऊनच गेले.

अप्पांनी दोड्डय्याला आत बोलावून खाटेजवळ बसवलं. "डावीचा आवाज उजवीपेक्षा बरा आहे," ते म्हणाले.

"नवी आहे ना. मुरेल."

"मला मुरायला वेळ नाही. पण आज मी माझी माणसं येताना बघितली, दोड्डय्या. कुणाला बघायला मिळतं?" मग माझ्याकडे वळले. "याच्या घरी बंदूक नाही, माहीत आहे तुला?"

"माहीत आहे."

"हा जाईल तेव्हा आपली घेऊन जायची. दोन्ही बार काढायचे. मी नसेन, तेव्हा तुला सांगून ठेवतो."

दोड्डय्या छताकडे बघू लागला. "आधी तुमचा तो पत्रा तरी सापडू दे," म्हणाला. अप्पा त्याच्या उजव्या बाजूला होते, म्हणजे ऐकलं होतं त्यानं.

दुसऱ्या दिवशी मी नवी पेटी आणली. नवव्या दिवशी सकाळी, बोजम्मा त्यांना कांजी भरवत असताना, अप्पा गेले. एक घोट घेतला आणि दुसरा घेतला नाही.

मी खुंटीवरची दुनळी घेतली, पेटीतून काडतुसं घेतली आणि त्यांच्या खिडकीपुढं उभा राहिलो. उजवी वाजली. डावी वाजली. दोन्ही बार स्वच्छ, लागोपाठ, त्यांना हवे होते तसे. आणि मग कुणीच आलं नाही. खाचरातल्या बायका उभ्या होत्या, हलत नव्हत्या. पेम्मय्या ओढ्याच्या पुलावर येऊन थांबलेला मला दिसत होता. सगळं खोरं तिसऱ्याची वाट बघत होतं. सवयीनं मी तीन उचलली होती, तिसरं माझ्या मुठीत होतं. ते भरावं, आणि सगळ्यांनी पुन्हा आपापल्या कामाला लागावं, असं मला इतकं वाटलं, की मी नळी उघडलीसुद्धा. मग मिटली. बऱ्याच वेळानं पेम्मय्यानं डोक्याचं फडकं काढलं आणि पूल ओलांडला. त्याच्यामागून बाकीचे.

तो बुधवार होता. निरोप मिळताच दोड्डय्या पहिल्याच बसनं आला. बुधवारी वेळेवर आलेला मी त्याला तेवढ्या एकाच वेळी पाहिला. अप्पांच्या पायांशी वाकला, मग कोपऱ्यात ठेवलेली दुनळी उघडून दोन्ही नळ्यांचा वास घेतला, डावीत बोट घालून काळं झालेलं बोट धोतराला पुसलं.

मी मूठ उघडून तिसरं काडतूस त्याच्यापुढं धरलं. म्हटलं, "हे राहिलं, अण्णा. तुम्ही घेऊन जा."

त्यानं ते घेतलं, उलटसुलट बघितलं आणि परत माझ्याच तळहातावर ठेवून माझी बोटं मिटवली.

"ठेव," तो म्हणाला. "ओल लागू देऊ नको. आणि त्याच्या जोडीला आणखी एक ठेव."